घरातील उपकारस्तुतीची सभा : आठवणींसह तयारी कशी करावी

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्यासाठी भरणाऱ्या सभेला अनेक निमित्ते असतात. कोणी दवाखान्यातून बरे होऊन घरी येते, मुलीला नोकरी लागते, घराचे बांधकाम पूर्ण होते, आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात, आणि पाळकसाहेबांना व मंडळीला निरोप जातो. संध्याकाळी सतरंज्या अंथरल्या जातात, पेटी आणि ढोलकी येते, गीते होतात, संदेश होतो आणि मग जेवण होते. या सगळ्यात यजमानाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. तो हात जोडून उभा राहतो, "देवाने आमच्यावर पुष्कळ उपकार केले, त्याचे आभार मानावे तेवढे थोडेच," एवढे बोलतो आणि बसतो. त्याचे बोलणे खोटे नसते, पुष्कळदा त्याचा कंठही दाटून आलेला असतो. परंतु नेमका कोणता उपकार, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून झाला, हे जमलेल्यांना कळत नाही आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती तर त्यातले काहीच लागत नाही.

गेली अनेक वर्षे अशा सभांच्या तयारीत मी हातभार लावत आलो आहे. त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, उपकारस्तुतीचा खरेपणा आठवणीच्या नेमकेपणावर अवलंबून असतो, आणि ती आठवण सभेच्या दिवशी ऐनवेळी सापडत नाही, तर तिच्यासाठी निदान पंधरा दिवस आधी बसावे लागते. ही तयारी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे.

"उपकारस्तुती" या शब्दातच क्रम सांगितलेला आहे. आधी उपकार, मग स्तुती. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) एकशे तिसऱ्या स्तोत्रात भक्त आपल्याच जिवाला बजावतो की परमेश्वराचे उपकार विसरू नको, आणि लगेच ते मोजायला लागतो: पापांची क्षमा, रोगातून सुटका, गर्तेतून वाचवलेला जीव. एकशे छत्तिसाव्या स्तोत्राची २६ वचने आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध "कारण त्याची दया सनातन आहे" हाच आहे. पूर्वार्धात मात्र दर वेळी वेगळी गोष्ट येते. सूर्य येतो, चंद्र येतो, तांबडा समुद्र येतो, रानातला प्रवास येतो आणि शेवटी अमोऱ्यांचा राजा सीहोन व बाशानाचा राजा ओग यांची नावेसुद्धा येतात. दया सनातन आहे हे सांगण्यासाठी स्तोत्रकर्त्याला दोन जुन्या राजांची नावे घ्यावीशी वाटली, तर आपल्याला आपल्या दवाखान्यातल्या त्या रात्रीचे नाव घ्यायला संकोच का वाटावा?

जुन्या कागदांपासून सुरुवात

तयारीचे पहिले काम म्हणजे घरातले कागद बाहेर काढणे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नातले फोटो, दवाखान्याची फाईल, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फेडल्याची पावती, जुनी पत्रे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांची पवित्र शास्त्रे. आपल्याकडे शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या तारखा लिहिण्याची जुनी पद्धत आहे आणि त्या तारखांच्या आसपास पुष्कळदा आणखी काही लिहिलेले सापडते.

माझ्या आईच्या शास्त्राला काळे रेक्झिनचे वेष्टन होते, कडांचा लाल रंग बोटांच्या स्पर्शाने मधोमध उडून गेलेला होता. जुन्या करारातले शेवटचे पुस्तक मलाखी संपून नव्या करारातले पहिले पुस्तक मत्तय सुरू होण्यापूर्वी जे कोरे पान असते, त्यावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ होती: "तीन दिवस पाऊस. पाहुणे आठ. पीठ पुरले." त्याच ओळीखाली निळ्या शाईने शेजारच्या एका वहिनींचे नाव होते. अक्षर आईचेच, पण वळण वेगळे, म्हणजे पुष्कळ काळाने लिहिलेले. मी विचारले तेव्हा आईने सांगितले की नदीला पूर आल्याने आलेले पाहुणे अडकून पडले होते, डब्यात दोन वेळांचे पीठ होते आणि ते तीन दिवस पुरले. शास्त्रातल्या सारफथच्या विधवेच्या, पीठ न सरणाऱ्या मडक्याची आठवण होऊन तिने ती ओळ लिहिली होती. कित्येक वर्षांनी बोलता बोलता तिला कळले की शेजारच्या वहिनी रोज पहाटे मागच्या दाराने येऊन त्या डब्यात पीठ ओतून जात होत्या. मी विचारले, "मग पहिली ओळ खोडली का नाहीस?" ती म्हणाली, "का खोडू? पीठ पुरलंच होतं. ते कोणाच्या हातानं पुरवलं एवढंच मला माहीत नव्हतं."

पेन्सिलीच्या ओळीखाली शाईचे नाव लिहिणे, हीच मला उपकारस्तुतीच्या तयारीची उत्तम रीत वाटते. देवाने केले असे म्हणताना ज्या माणसाच्या हातून केले त्याचे नाव पुसले जाऊ नये, आणि माणसाचे नाव कळले म्हणून देवाचे नाव खोडले जाऊ नये. म्हणून आठवणी लिहून काढताना प्रत्येक आठवणीपुढे "कोण आले होते?" याचे उत्तर लिहावे. रक्त देणारा, रात्री गाडी काढणारा, फी भरणारी मावशी, अर्ज लिहून देणारा कारकून, ही सगळी नावे त्यात यावीत आणि त्यांतली जी माणसे हयात आहेत त्यांना सभेचे आमंत्रण जावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारतानाही हेच धोरण ठेवावे. "देवाने तुम्हांला कसे चालवले?" असे विचारले की आजी "देव दयाळू आहे" एवढेच म्हणते आणि गप्प बसते. त्याऐवजी त्या दिवशी काय शिजले होते, दवाखान्यात बैलगाडीने गेलात की एसटीने, अंगावर कोणते लुगडे होते, दार कोणी उघडले, असे विचारावे. लुगड्याच्या रंगापासून सुरू झालेली आठवण अर्ध्या तासात प्रार्थनेपर्यंत पोचते, असा माझा अनुभव आहे. हे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, आणि जे नातलग पुण्यामुंबईत किंवा परदेशात आहेत त्यांच्याकडून त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात मागवून घ्याव्यात.

मार्गदर्शनाची आठवण

संकटातून सुटका झाली ही आठवण सांगणे तुलनेने सोपे असते. देवाने मार्ग दाखवला, ही आठवण सांगणे अवघड असते, कारण मार्ग चालत असताना तो दाखवला जात आहे हे बहुधा आपल्याला कळलेलेच नसते. सत्त्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता म्हणतो की देवाची वाट समुद्रातून गेली आणि त्याच्या पावलांचे ठसे कोणाला दिसले नाहीत. चाळीस वर्षांच्या रानातल्या प्रवासाची आठवण कर, असे जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलाला सांगितले जाते, तेही प्रवास संपत आल्यावर. म्हणून साक्ष देणाऱ्याने, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे सभेत सांगणाऱ्याने, "देवाने मला तेव्हाच सांगितले होते" असे म्हणण्याची घाई करू नये. "आज मागे वळून पाहताना मला त्याचा हात दिसतो" हे म्हणणे अधिक नम्र आहे आणि बहुतेक वेळा अधिक खरेही आहे.

याचे एक उदाहरण आपल्याच मंडळ्यांच्या इतिहासात आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांत धर्मावर बोलणे झाले, त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्या वेळी टिळकांना ते बोलणे पटण्यासारखे नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मग त्या डब्यातल्या भेटीला अर्थ आला. आजही आपण मंडळीत टिळकांची भजने गातो, तेव्हा त्यांच्यामागे ती एक आगगाडीतली भेट आहे हे मुलांना अवश्य सांगावे.

मार्गदर्शनाच्या आठवणी शोधताना बंद झालेली दारेही मोजावीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौलाला आधी आशिया प्रांतात वचन सांगण्याची मनाई होते, मग बिथुनियात जाऊ दिले जात नाही, आणि दोन्हीकडून अडल्यावर तो त्रोवसला येतो तेव्हा मासेदोनियाचा दृष्टान्त होतो. न मिळालेली नोकरी, मोडलेली सोयरीक, नाकारलेले कर्ज यांच्याबद्दल आज घरात शांतपणे बोलता येत असेल तर ती आठवण सभेत यावी. अजून सल असेल तर ती या वर्षी बाजूला ठेवावी, कारण जखम ओली असताना तिला मार्गदर्शन म्हणायला लावणे हा त्या माणसावर अन्याय होतो.

साक्ष कशी लिहावी आणि कशी द्यावी

साक्षीचा उत्तम नमुना मला उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात दिसतो. अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी शोधायला निघतो, विहिरीपाशी प्रार्थना करतो, रिबका घागर घेऊन येते, आणि परमेश्वराने आपल्याला वाटेत चालवले हे ओळखून तो तेथेच नमन करतो. पुढे लाबानाच्या घरी पान वाढले जाते, तेव्हा तो म्हणतो की माझे सांगणे झाल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि मग आपण कोण, कशासाठी निघालो, विहिरीपाशी काय मागितले आणि काय घडले, हे सगळे क्रमाने सांगतो. त्याने स्वतःच्या हुशारीबद्दल एक शब्दही काढलेला नाही. सभेतही साक्ष जेवणाआधीच व्हावी. जेवणानंतर उरलेल्या वेळात "दोन शब्द" बोलण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही.

साक्ष कागदावर लिहून काढावी आणि पाच मिनिटांत बसवावी. आधी परिस्थिती काय होती ते दोन वाक्यांत सांगावे, मग काय घडले ते दिवस, स्थळ आणि माणसे यांच्यासह सावकाश सांगावे. उत्तर मिळायला किती उशीर झाला आणि त्या काळात विश्वास कसा डळमळला हेही लपवू नये. सगळे बोलणे एकट्या कर्त्या पुरुषाने करण्याऐवजी सुनेने, धाकट्या मुलाने आपापला वाटा सांगावा. एकच रात्र वडिलांना एक दिसलेली असते आणि उशाशी बसलेल्या आईला वेगळी दिसलेली असते.

एका गोष्टीविषयी मात्र अत्यंत सावध राहावे. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाची, प्रार्थनाही आभारानेच सुरू होते. तो इतरांसारखा नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. आपल्या साक्षीत दुसऱ्याशी तुलना शिरली की ती साक्ष परूश्याच्या प्रार्थनेकडे झुकते, आणि हे किती नकळत घडते ते मी एकदा जवळून पाहिले आहे. एका घरचा मुलगा बसच्या अपघातातून वाचला होता. त्याच्या वडिलांसाठी साक्ष मीच लिहून दिली होती आणि त्यात एक वाक्य होते: "आमच्या घरावर देवाची कृपा होती म्हणून आमचा मुलगा वाचला." ते वाक्य वाचले गेले तेव्हा दाराजवळ एक बाई बसलेली होती, जिचा मुलगा त्याच बसच्या अपघातात दगावला होता. ती काही बोलली नाही. हळूच उठली आणि बाहेरच्या चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागली. त्या अंधारात तिला त्या लवकर सापडेनात, आणि आत गीत सुरू झाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो, क्षमा मागितली, आणि तिने आम्हांला चहा करून दिला. ते वाक्य माझे होते, हे मी विसरू शकत नाही.

शिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे म्हणायला प्रभू येशूने साफ नकार दिला होता. म्हणून आपल्याला काय मिळाले ते सांगावे, दुसऱ्याला ते का मिळाले नाही याचे कारण आपल्या वाक्यातून सूचितसुद्धा होऊ देऊ नये. आता मी साक्ष लिहायला बसण्यापूर्वी खोलीत कोण कोण बसणार आहे याची यादी पाहतो. त्या वडिलांचे वाक्य आज मी असे लिहीन: "आमचा मुलगा आमच्याजवळ आहे, याबद्दल आम्ही देवाचे ऋणी आहोत, आणि ज्यांची मुले परत आली नाहीत त्यांच्या दुःखापुढे आमची मान खाली आहे." त्याचप्रमाणे आजारपण, कर्ज, व्यसन, घरातली भांडणे यांविषयी सांगायचे असेल तर ज्याच्याविषयी सांगायचे त्याची परवानगी आधी घ्यावी आणि तो नको म्हणाला तर त्याचा मान राखावा.

सभेचा क्रम

सभा दीड तासापेक्षा लांबू देऊ नये. आरंभ गीताने करावा, आणि ते गीत निवडताना घरातल्या आठवणीशी त्याचे नाते पाहावे. दवाखान्यात आई कोणते गीत गुणगुणत होती, लग्नात मंडळीने कोणते गीत गायले, आजोबांना कोणते भजन आवडत असे, हे विचारून त्याप्रमाणे निवड केली की गीताला दुसऱ्या प्रस्तावनेची गरज उरत नाही. आपल्याकडे ख्रिस्ती भजनाची आणि कीर्तनाची समृद्ध परंपरा आहे, तेव्हा टाळ आणि मृदंग असतील तर एखादे भजन त्या चालीवर अवश्य घ्यावे.

गीतानंतर एकशे छत्तिसावे स्तोत्र आळीपाळीने म्हणावे: पूर्वार्ध एकाने वाचावा आणि उत्तरार्ध सर्वांनी म्हणावा. ते संपल्यावर त्याच चालीत घरातल्या मुलाने घरच्या सहासात आठवणी एकेका ओळीत वाचाव्यात, आणि प्रत्येक ओळीनंतर मंडळीने तेच उत्तर द्यावे. "आजोबा गाव सोडून निघाले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक होती", "कारण त्याची दया सनातन आहे". "बाबांचे ऑपरेशन सहा तास चालले", "कारण त्याची दया सनातन आहे". पहिल्या वेळी लोकांना हे थोडे अनोळखी वाटते, पण तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज आपोआप एक होतो. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीच्या पात्रातून उचललेले बारा धोंडे गिलगालात उभे केले, ते पुढे मुलांनी "हे धोंडे कशासाठी?" असे विचारावे म्हणूनच. आठवणी मुलाच्या तोंडून वाचून घेण्याचा हेतू तोच आहे.

त्यानंतर शास्त्रवाचन, साक्ष आणि संदेश व्हावेत. आठवणींचा कागद पाळकसाहेबांना आठवडाभर आधी द्यावा, म्हणजे त्यांना त्या घराला साजेसे वचन निवडता येते आणि बारापंधरा मिनिटांत बोलणे पूर्ण करता येते. संदेशानंतर एक मिनिट पूर्ण शांतता ठेवावी. पेटीसुद्धा वाजवू नये, आणि मग घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीने प्रार्थना करावी.

अर्पणाविषयी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली रीत डोळ्यांसमोर ठेवावी. प्रथमफळांची टोपली घेऊन येणारा शेतकरी आधी आपल्या भटक्या पूर्वजाची, मिसरातल्या गुलामीची आणि सुटकेची हकिकत म्हणतो, मग टोपली ठेवतो आणि मग लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला) व परदेशीयाला सोबत घेऊन आनंद करतो. ही तिसरी पायरी आपल्याकडून सुटते. ज्या प्रकारचा उपकार झाला त्याच प्रकारच्या गरजेसाठी अर्पण द्यावे: आजारातून उठलेल्याने एखाद्या रुग्णाच्या औषधासाठी, शिक्षण पूर्ण झालेल्याने एखाद्याच्या फीसाठी. आशीर्वचन झाले की जेवण वाढावे.

वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांत हीच भावना आभाराच्या मिस्सामधून (चर्चमधल्या उपासनेतून) व्यक्त होते, तर आपल्या पुष्कळ मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सरत्या वर्षाच्या साक्षी होतात. त्या वेळी बोलणारे बरेच असल्याने साक्ष दोन मिनिटांची असावी आणि एकच आठवण निवडावी.

घरात कोणी गेलेले असेल तेव्हा

गेल्या वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल तर लोक विचारतात की अशा वेळी उपकारस्तुती कशी करावी. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असे लिहितो. तो सर्व स्थितीत म्हणतो, सर्व स्थितीबद्दल म्हणत नाही. मृत्यूबद्दल आभार मानण्याची सक्ती शास्त्र कोणावर करीत नाही. जो माणूस आपल्याला इतकी वर्षे लाभला, त्याच्याबद्दल मात्र आभार मानता येतात. सत्त्याहत्तरावे स्तोत्र झोप न येणाऱ्या रात्रीपासून सुरू होते आणि देव दया करायला विसरला काय, असे विचारते. देवाची जुनी कृत्ये आठवणे त्याच्यानंतर येते. सभाही याच क्रमाने घ्यावी. आधी विलापाला जागा द्यावी, कोणी रडले तर लगेच गीत सुरू करून त्याचे रडणे झाकू नये, आणि मग एकेकाने त्या व्यक्तीची एकच छोटी आठवण सांगावी. तिचा चष्मा, तिचे गीतांचे पुस्तक, भाकरी थापताना ती म्हणत असे ते वचन.

प्रभुभोजनात आपण ज्या भाकरीला हात लावतो ती प्रभूने ज्या रात्री उपकारस्तुती करून मोडली, त्याच रात्री त्याला धरून देण्यात आले. "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे शब्द त्या रात्रीचे आहेत. शक्य असेल तर शोकातल्या कुटुंबाने अशा सभेच्या आधीच्या रविवारी मंडळीबरोबर प्रभुभोजन घ्यावे.

सभा संपल्यावर एक काम त्याच रात्री करायचे असते आणि ते दुसऱ्या दिवसावर टाकले की राहूनच जाते. भांडी घासायला पडण्यापूर्वी घरातले शास्त्र उघडावे, कोऱ्या पानावर तारीख घालावी, उपकार एका ओळीत लिहावा, ज्यांच्या हातून झाला त्यांची नावे लिहावीत, आणि नंतर कळणाऱ्या नावांसाठी खाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात.